घरगुती लघुरेल्वेवरील उतारूगाडी : एक उपेक्षित इतिहाससाधन

रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यास करताना कंपन्यांचे अहवाल, सरकारी ठराव, जमाखर्चाची पत्रके आणि मालवाहतुकीचे आकडे ही साधने मुख्यत्वे वापरली जातात. त्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु ही साधने ज्यांनी निर्माण केली त्यांचे लक्ष प्रामुख्याने भांडवल, भाडे आणि भार यांवर होते. गाडीत बसून प्रवास करणारा माणूस त्यांत एक संख्या म्हणूनच येतो. तो कशा प्रकारच्या डब्यात बसत होता, बाकाची दिशा कोणती होती, दार किती रुंद होते, गाडी बदलताना त्याला किती अंतर चालावे लागे, या गोष्टींची उत्तरे अहवालांतून क्वचितच मिळतात. या दृष्टीने पाहता, घरी टेबलावर लघुरेल्वेची मांडणी करून तीवर उतारूगाडी चालविणारा छंदी मनुष्य इतिहाससंशोधकाच्या बराच जवळ येतो. कारण त्याला याच प्रश्नांची उत्तरे मिळविल्यावाचून एक डबादेखील पुरा करता येत नाही.

अशी उतारूगाडी तयार करण्यास आरंभ करणाऱ्यापुढे कोणते निर्णय येतात आणि त्या निर्णयांचे ऐतिहासिक स्वरूप काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. विवेचनासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव मध्यवर्ती कल्पिले आहे. ढाणकीस स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. आणि नेमक्या याच कारणामुळे ते या प्रश्नास सोयीचे ठरते. ज्या गावाला एकच रेल्वे आहे तेथील मनुष्य तीच गाडी गृहीत धरतो. ज्या गावाला एकही नाही, परंतु ज्याच्या आसपास भिन्न भिन्न प्रकारच्या रेल्वे आल्या, बदलल्या आणि नाहीशाही झाल्या, तेथे निवड करावी लागते, व निवड करावयाची म्हणजे कारण द्यावे लागते.

१. तीन मापांच्या मध्ये

दोन रुळांमधील अंतराला रेल्वेच्या व्यवहारात गेज म्हणतात. हिंदुस्थानात पहिली उतारूगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ कि.मी. मार्गावर धावली, ती साडेपाच फूट म्हणजे १,६७६ मि.मी. गेजवर. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नसला, तरी ढाणकीच्या परिसराची पुढील रेल्वेघडण दोहोंच्या परिणामांतून झाली. पैनगंगेच्या उत्तरेचा मुलूख वऱ्हाडात राहिला. दक्षिणेचा निजामाच्या राज्यात. नदी ही राज्याची सीमा झाली आणि कालांतराने ती रेल्वेच्या मापांचीही सीमा झाली.

उत्तरेकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुंदमापी मार्ग वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेणे हे त्याचे प्रमुख प्रयोजन होते. या मुख्य मार्गापासून दूर असलेल्या यवतमाळ आणि अचलपूर या बाजूंना पुढे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मि.मी. गेजचे फाटे काढण्यात आले. किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१० मध्ये स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे या मार्गांची मालकी होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे अंतर ११३ कि.मी. व मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ कि.मी. ‘शकुंतला’ या नावाने पुढे सर्वतोमुखी झालेली गाडी ती हीच. याच अरुंदमापी मार्गावरील दारव्हा येथून पुसदकडे एक शाखा गेली होती. ढाणकीच्या दृष्टीने उत्तरेकडील तीच रेल्वे सर्वांत जवळची; परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे रूळ उखडण्यात आले.

दक्षिणेकडे निजाम सरकारच्या रेल्वेने गोदावरीच्या खोऱ्यात मीटरमापी, म्हणजे १,००० मि.मी. गेजचा स्वीकार केला. मीटरगेज हे माप लॉर्ड मेयोच्या कारकीर्दीत, १८७० च्या सुमारास, काटकसरीचा उपाय म्हणून हिंदुस्थानात मान्य झाले होते. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट या मार्गे आदिलाबादकडे जाणारी रेल्वे प्रथम मीटरमापी होती, नंतर ती रुंदमापी झाली. १९९२ पासून एकच माप सर्वत्र करण्याचे जे धोरण भारतीय रेल्वेने राबविले त्याचा हा परिणाम होय. अखेरीस वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ कि.मी. लांबीचा नवा रुंदमापी मार्ग पुसद व उमरखेड या बाजूने योजण्यात आला. त्यापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला.

याचा अर्थ असा की ढाणकीतील एखाद्या घरी ‘आपल्या भागातील उतारूगाडी’ बनवावयाची झाल्यास त्या शब्दांना वर्षाचा उल्लेख केल्यावाचून काहीच अर्थ उरत नाही. नदीच्या कोणत्या तीरावरची व कोणत्या काळातील गाडी, हे ठरताच गेज ठरते. गेज ठरताच डब्याची रुंदी, इंजिनाची उंची आणि फलाटाची ठेवण ठरते. छंदाचा पहिला प्रश्न हा अशा रीतीने कालनिश्चितीचा, म्हणजे शुद्ध ऐतिहासिक प्रश्न आहे.

२. लघुरेल्वेच्या मापांचा पूर्वेतिहास

घरगुती रेल्वेची मापे ही देखील इतिहासातून आलेली आहेत. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन ही पेढी १८५९ मध्ये बाहुलीघरातील पत्र्याची भांडी करण्यासाठी निघाली. १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत तिने किल्लीवर चालणारी गाडी आणि तिच्याबरोबर ठराविक मापाचे, एकमेकांस जोडता येणारे रूळ मांडले. खेळण्याची गाडी त्यापूर्वीही होती. नवी गोष्ट होती ती ठराविक मापाची. एकदा माप ठरल्यावर आज इंजिन, पुढल्या वर्षी डबा, त्यानंतर स्थानक, अशी क्रमाने भर घालणे शक्य झाले. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या पेढीने आणि पुढे १९२० पासून फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्याने हाच मार्ग अनुसरला.

प्रथम प्रचारात असलेली मापे मोठी होती. राहत्या घरांत जागेचा संकोच झाला तसे माप लहान होत गेले. ‘शून्य’ नावाचे ३२ मि.मी. गेज निम्मे करून १६.५ मि.मी. चे रूळ रूढ झाले. १९३५ मध्ये मेर्कलिन व ट्रिक्स या जर्मन पेढ्यांनी टेबलावर मावणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. ‘अर्धशून्य’ या अर्थाने त्या प्रमाणाला ‘एच्-ओ’ म्हणतात व ते १:८७ इतके आहे. १६.५ ला ८७ ने गुणले असता सुमारे १,४३५ मि.मी. येतात, आणि हे युरोप-अमेरिकेतील प्रमाणभूत गेज आहे. इंग्लंडात मात्र खऱ्या गाड्याच आकाराने लहान असल्याने त्या काळची विजेची मोटर १:८७ प्रमाणाच्या इंजिनात मावेना. तेव्हा रूळ तेच ठेवून गाड्या तेवढ्या १:७६ प्रमाणात केल्या गेल्या. रूळ एका प्रमाणाचे व गाडी दुसऱ्या प्रमाणाची, ही इंग्रजी छंदातील विसंगती त्या तडजोडीचा अवशेष आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड पेढीने ९ मि.मी. रुळांची आणखी लहान गाडी आणली.

भारतीय रेल्वे या मापांच्या जन्माच्या वेळी कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती. त्यामुळे १:८७ प्रमाण स्वीकारणाऱ्यास पुढील वस्तुस्थितीस तोंड द्यावे लागते. रुंदमापी १,६७६ मि.मी. गेज या प्रमाणात सुमारे १९.३ मि.मी. होते. तयार रूळ १६.५ मि.मी. चे मिळतात; म्हणजे प्रतिकृतीतील गाडी प्रत्यक्ष गाडीपेक्षा जवळजवळ सातव्या हिश्श्याने अरुंद पायावर उभी राहते. मीटरमापी गेज ११.५ मि.मी. होते व त्यास १२ मि.मी. चे रूळ बरेच जवळ येतात. अरुंदमापी ७६२ मि.मी. गेज ८.७६ मि.मी. होते, आणि ९ मि.मी. चे तयार रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत जुळतात. हा फरक प्रत्यक्ष गाडीवर मोजला तर केवळ २१ मि.मी. भरतो.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. मुंबई-नागपूर मार्गावरील मेलगाडी ही सर्वपरिचित. परंतु तयार रुळांवर तिची प्रतिकृती मापाच्या दृष्टीने सर्वांत सदोष ठरते. यवतमाळची ‘शकुंतला’ ही आडमार्गावरील. परंतु तिची प्रतिकृती सर्वांत निर्दोष होऊ शकते. मध्य युरोपात ७६० मि.मी. गेजचे अनेक डोंगरी मार्ग होते आणि तेथील छंदी लोकांनी ९ मि.मी. रुळांवर १:८७ च्या गाड्या चालविण्याची पद्धत पाडली. त्यांच्यासाठी बनणाऱ्या चाकांचा आणि सांध्यांचा लाभ वऱ्हाडच्या गाडीसही घेता येतो.

३. पुण्याचे संग्रहालय आणि त्याचा धडा

महाराष्ट्रात लघुरेल्वेच्या छंदाचे सर्वांत परिणत उदाहरण म्हणजे पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेला छंद प्रदर्शनांच्या रूपाने प्रथम लोकांपुढे आला व १ एप्रिल १९९८ रोजी त्याला कायम स्वरूपाच्या संग्रहालयाचे रूप मिळाले. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या त्यांच्या उद्योगाच्या आवारातच ते उभे आहे. १:८७ प्रमाणातील या मांडणीत एक संपूर्ण नगर वसविले असून वाफेच्या गाडीपासून अतिवेगवान गाडीपर्यंत नाना प्रकारच्या गाड्या, सिग्नल, पूल, दोरमार्ग आणि लटकती रेल्वे यांचे एकत्रित नियंत्रण करण्यात येते. यंत्रविद्येची जाण आणि दीर्घकाळची चिकाटी यांचा हा संयोग आहे.

या संग्रहालयाचा उद्देश रेल्वेव्यवहाराचे सर्वसाधारण दर्शन घडविणे हा आहे. महाराष्ट्रातील विशिष्ट मार्गाचा विशिष्ट वर्षीचा दस्तऐवज सिद्ध करणे हा नव्हे. त्यातील गाड्यांत जर्मन व इतर परदेशी गाड्या आहेत, हे त्या उद्देशास धरूनच आहे. परंतु आरंभ करणाऱ्या मनुष्याने या दोन उद्देशांतील भेद ओळखणे अगत्याचे आहे. पहिल्या प्रकारात गाड्यांची विविधता हा गुण ठरतो. दुसऱ्या प्रकारात तोच दोष ठरतो, कारण एका स्थानकावर एका वर्षी ज्या गाड्या येत नव्हत्या त्या तेथे उभ्या करणे म्हणजे कालविपर्यास होय. पहिल्याचा आदर्श प्रदर्शन हा आहे, दुसऱ्याचा आदर्श पुरावा.

४. ‘डेक्कन क्वीन’ : नाव एक, गाड्या अनेक

कालनिश्चितीचे महत्त्व स्पष्ट होण्यास मुंबई-पुणे मार्गावरील ‘डेक्कन क्वीन’ हे उत्तम उदाहरण आहे. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. त्या वेळी तिचे प्रत्येकी सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी रंगाचा व लाल पट्ट्यांचा, दुसरा गर्द निळ्या रंगाचा व सोनेरी रेषांचा. डब्यांच्या चौकटी इंग्लंडात तयार झाल्या होत्या आणि त्यांवरील सांगाडे जी. आय. पी. च्या माटुंगा कारखान्यात चढविले गेले. गाडीत केवळ पहिला व दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ पासून पहिला वर्ग रद्द होऊन दुसऱ्याची पुनर्रचना करण्यात आली. तिसरा वर्ग या गाडीत प्रथम आला तो जून १९५५ मध्ये. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातील पोलादी डबे आले व सातांऐवजी बारा डबे लागू लागले. १९७४ मध्ये रेल्वेवरील तिसरा वर्गच नामशेष झाला. २०२२ मध्ये गाडीला पुन्हा नव्या, एल्. एच्. बी. पद्धतीच्या डब्यांचा संच मिळाला.

ज्याला ‘डेक्कन क्वीन’ची प्रतिकृती करावयाची आहे त्याने यांपैकी कोणती करावयाची? १९५४ आणि १९५६ या दोन वर्षांतील गाड्यांचे इंजिन, रंग, मार्ग, नाव ही सारी समान असू शकतील. तरीही मधल्या एका वर्षात त्या गाडीतील उतारूंचा सामाजिक स्तर बदलला, आणि तो बदल डब्याच्या बाजूवर रंगविलेल्या वर्गाच्या आकड्यात दिसतो. ग्रंथात ‘पुढे तिसऱ्या वर्गाची सोय करण्यात आली’ एवढे एक वाक्य लिहून लेखक पुढे जाऊ शकतो. प्रतिकृतिकाराला तसे करता येत नाही. त्याला तो डबा संचात कोठे लावला होता, त्याला दारे किती होती, खिडक्यांना गज होते किंवा कसे, हे शोधावेच लागते. ज्ञानातील पोकळी गद्याच्या वळणाने झाकता येते. पुठ्ठ्याच्या डब्यात ती भोक होऊन दिसते.

येथे व्यावहारिक बाजूही विचारात घ्यावयास हवी. पेरांबूरच्या डब्याची जोडणीसह लांबी सुमारे २२.३ मीटर असते. १:८७ प्रमाणात ती २५.६ सें.मी. होते. अठरा डब्यांची गाडी इंजिनासह पावणेपाच मीटरांहून अधिक जागा व्यापते, आणि तिच्या लांबीचा फलाट घरात मावत नाही. लांब डबा घट्ट वळणावर बाहेर फेकला गेलेला दिसतो. डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट त्रिज्या, म्हणजे येथे सुमारे ७७ सें.मी., असावी असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. डबा हलका राहिल्यास रुळावरून घसरतो. अमेरिकन छंदी मंडळाच्या प्रचलित सूत्राप्रमाणे या लांबीच्या डब्याचे वजन सुमारे १७० ग्रॅम भरले पाहिजे. या अडचणींमुळे छंदी लोक डब्यांची संख्या कमी करतात. ही काटछाट अपरिहार्य असली तरी ती कोणत्या तत्त्वाने केली हे नोंदविणे आवश्यक आहे. अठरांतील सहा डबे निवडताना वातानुकूलित व भोजनाचे डबे ठेवावयाचे आणि गर्दीचे साधे डबे गाळावयाचे, असे केले तर गाडी देखणी होते, परंतु ती खोटी होते. उतारूंच्या वर्गांचे परस्पर प्रमाण शक्य तितके राखणे हा येथील नियम असावा. १९३० ची सात डब्यांची ‘डेक्कन क्वीन’ मात्र काटछाटीवाचून पावणेदोन-दोन मीटरांच्या आसपास बसते. जुन्या काळाची निवड अशा रीतीने जागेचाही प्रश्न सोपा करते.

५. वऱ्हाडची मिश्रगाडी

वरील विवेचनावरून असे दिसते की ढाणकीसारख्या गावी आरंभ करावयाचा तर तो यवतमाळच्या अरुंदमापी गाडीपासून करणे मापाच्या, जागेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने श्रेयस्कर आहे. डबे आखूड असल्याने वळणे घट्ट चालतात व गाडीही लहान असते. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण ऐतिहासिक आहे. या मार्गाचे जे वर्णन सामान्यतः केले जाते ते कापसाच्या अनुरोधाने. कापूस वऱ्हाडातून निघाला, मूर्तिजापुरास रुंदमापी गाडीत चढला, मुंबईस गेला आणि मँचेस्टरला पोहोचला. त्याच मँचेस्टरात १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन उलट वाटेने वऱ्हाडात आले व १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेईपर्यंत सुमारे सात दशके या मार्गावर राबले. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु त्यात उतारू कोठेच नाही. वस्तुतः कापसाची वाहतूक मोटारमार्गाकडे गेल्यावरही ही गाडी चालू राहिली ती उतारूंसाठी. खेड्यापाड्यांतील गरीब मनुष्याला परवडणारे तेच वाहन होते. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला, याची चर्चा पुष्कळ झाली. त्यावरून कोण प्रवास करीत होते, याची चर्चा त्या मानाने अल्प आहे. आता ती गाडी बंद झालेली आहे.

तिची प्रतिकृती करू लागताच उतारू समोर येतो. पहिला प्रश्न संचाचा. वेळापत्रकात एखादी गाडी ‘पॅसेंजर’ म्हणून दाखविली आहे की ‘मिक्स्ड’ म्हणून, हे पाहावे लागते. मिश्रगाडीत मालाच्या वाघिणी आणि उतारूंचे डबे एकत्र असत. अशा गाडीत मधल्या स्थानकावर वाघिणी काढणे-जोडणे चालू असता उतारू खोळंबून राहत. टेबलावर हा व्यवहार करून पाहिला म्हणजे वेळापत्रकातील दीर्घ थांब्यांचा उलगडा होतो. तो काळ केवळ गाडीच्या मंदगतीचा नसून कामाच्या क्रमाचा असतो.

दुसरा प्रश्न मार्गाच्या आकाराचा. पुष्कळ घरगुती मांडण्यांत रूळ वर्तुळाकार असतात व गाडी अखंड फिरत राहते. यवतमाळ हे शेवटचे स्थानक होते. तेथे येणाऱ्या गाडीचे इंजिन सुटून, बाजूच्या रुळावरून जाऊन, दुसऱ्या टोकास लागल्यावाचून गाडी परत फिरू शकत नाही. त्यासाठी दोन सांधे व इंजिनाच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते. ११३ कि.मी. चा संपूर्ण मार्ग १:८७ प्रमाणात घालावयाचा तर सुमारे १,३०० मीटर रूळ लागतील; अर्थात हे अशक्य आहे. तेव्हा एक टोक, एक मधले स्थानक व दुसरे टोक एवढेच निवडावे लागते. वेगाचेही तसेच. ताशी ३० कि.मी. हा वेग या प्रमाणात सेकंदास १० सें.मी. हूनही किंचित कमी भरतो. दोन मीटरांच्या टेबलावरून गाडी जाण्यास वीस सेकंदांहून अधिक वेळ लागावयास हवा. खेळण्याच्या सवयीने गाडी याच्या कितीतरी पट वेगाने पिटाळली जाते आणि मग अरुंदमापी प्रवासाचे स्वरूपच लोप पावते.

तिसरा आणि सर्वांत अर्थपूर्ण प्रश्न मूर्तिजापूरचा. येथे अरुंदमापी गाडी संपते व रुंदमापी गाडी लागते. मालाच्या बाबतीत गेजच्या या तुटीला अहवालांत आर्थिक किंमत आहे: गाठोडी उतरविणे, पुन्हा चढविणे, हमाली, विलंब. उतारूच्या बाबतीत ती किंमत कोठेही मांडलेली नाही, कारण उतारू स्वतःच स्वतःला उतरवितो आणि चढवितो. मूर्तिजापूरची मांडणी ९ आणि १६.५ मि.मी. अशा दोन्ही रुळांनी केली म्हणजे त्या उतारूचा मार्ग सें.मी. मध्ये मोजता येतो: अरुंदमापी गाडीचे दार, जमिनीपासून त्याची उंची, फलाट, पूल, दुसरा फलाट. १९१७ मध्ये महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी जी पुस्तिका लिहिली तीत अशा हालांचे वर्णन आहे. प्रतिकृती ही त्या वर्णनाला मोजमापाची जोड देऊ शकते.

६. आरंभाची पद्धती

वरील विचारांतून आरंभ करणाऱ्यासाठी काही क्रम सुचतो. प्रथम मार्ग, स्थानक आणि वर्ष ही एका वाक्यात लिहून काढावीत. जी वस्तू या वाक्यात बसत नाही ती मांडणीवर येऊ देऊ नये. नंतर एकच गाडी निवडावी. एक इंजिन, दोन उतारू-डबे, दोन वाघिणी व गार्डाचा डबा एवढा संच पहिल्या वर्षासाठी पुरेसा आहे. एका गाडीचा नीट अभ्यास झाला म्हणजे दुसरीस लागणारा वेळ निम्म्यावर येतो. पाच गाड्या एकदम हाती घेतल्या तर एकही पुरी होत नाही.

त्यानंतर साधनांचे संकलन. जुनी वेळापत्रके, रेल्वेचे मापचित्र, छायाचित्रे आणि प्रत्यक्ष उरलेले डबे ही मुख्य साधने होत. मापचित्र उपलब्ध नसल्यास छायाचित्रावरून माप काढण्याची एक सोपी युक्ती आहे. डब्याचे समोरून, म्हणजे टोकाच्या बाजूने घेतलेले छायाचित्र मिळाले तर त्यात दोन रुळांमधील अंतर दिसते. हे अंतर ७६२ मि.मी. आहे हे निश्चित ठाऊक असल्याने तीच मोजपट्टी मानून डब्याची रुंदी व उंची अंदाजिता येते. रूळ आणि डब्याचे टोक एकाच पातळीत असले पाहिजेत, अन्यथा अंतराच्या भेदामुळे चूक होते, एवढी खबरदारी घ्यावी. अशी किमान दोन छायाचित्रे स्वतंत्रपणे मोजून उत्तरे जुळतात किंवा नाही ते पाहावे. संशोधनातील साक्षींच्या पडताळणीचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

प्रत्यक्ष वस्तू पाहावयाच्या तर नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालय उपयुक्त आहे. ते २००२ मध्ये सुरू झाले. मात्र तेथील संग्रह मुख्यतः बंगाल-नागपूर रेल्वेच्या सातपुड्याकडील मार्गांशी निगडित आहे. त्या मार्गांचे गेजही ७६२ मि.मी. च असल्याने तेथील डबा सरळ उचलून वऱ्हाडच्या मार्गावर ठेवण्याचा मोह होतो. गेज समान म्हणून डबे समान, हा तर्क टिकणारा नाही. कंपनी निराळी, कारखाना निराळा, तर डबाही निराळा असू शकतो. साधर्म्यावरून काढलेले अनुमान अनुमान म्हणूनच नोंदवावे.

मग डब्याचे आलेखाच्या कागदावर १:८७ प्रमाणात चित्र काढावे व प्रथम जाड पुठ्ठ्याचा कच्चा डबा करून पाहावा. दाराची उंची माणसाच्या उंचीशी जुळते का हे येथेच कळते; पाच फूट सहा इंच उंचीचा मनुष्य या प्रमाणात १९ मि.मी. हून थोडा अधिक भरतो. हे ठीक जमल्यावर प्लॅस्टिकच्या पत्र्याचा किंवा पितळेचा पक्का डबा करून त्यास तयार चाके बसवावीत. शेवटी माणसे. बाजारात मिळणाऱ्या तयार मूर्ती कोट-टोपीतील युरोपीय उतारूंच्या असतात. धोतर, लुगडे, डोईवरचे गाठोडे आणि कडेवरचे मूल या गोष्टी मेणाने किंवा मातीने स्वतःच कराव्या लागतात. मूर्तिजापूरच्या फलाटावर परदेशी उतारू उभे करणे हा चुकीच्या इंजिनापेक्षाही मोठा दोष आहे, कारण त्याने या साऱ्या उद्योगाचा हेतूच विफल होतो.

या सर्व कामाची एक नोंदवही ठेवणे अत्यावश्यक आहे. कोणते माप कशावरून घेतले, कोणते अनुमानाने ठरविले, कोठे तयार वस्तूसाठी तडजोड केली, हे तीत लिहावे. नोंदवहीशिवायची प्रतिकृती ही शोभेची वस्तू आहे. नोंदवहीसह ती पुढील अभ्यासकाला तपासता येणारे विधान होते.

७. मर्यादा

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. प्रतिकृती नीटनेटकी असते. तिच्यात धूळ, उष्मा, गोंगाट आणि गर्दी नसते. लहान करून पाहिलेली प्रत्येक वस्तू प्रिय वाटू लागते, आणि प्रिय वाटणाऱ्या वस्तूची चिकित्सा मनुष्य सहसा करीत नाही. बंद पडलेल्या गाडीविषयीच्या हळहळीचा यात मोठा वाटा असतो. ज्यांनी त्या गाडीतून नाइलाजाने प्रवास केला त्यांना तिच्याबद्दल तेवढाच जिव्हाळा वाटत असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. शिवाय भाडे, वेतन, मालकी हे प्रश्न टेबलावर मांडता येत नाहीत. त्यांसाठी दप्तराकडेच वळले पाहिजे. प्रतिकृती दप्तराची जागा घेत नाही. दप्तराला जे प्रश्न विचारावयाचे राहून गेले ते ती सुचविते.

आणि त्या प्रश्नांना काळाची मर्यादा आहे. दारव्हा-पुसद शाखेवरून प्रवास केलेली पिढी जवळजवळ संपली आहे. वाफेच्या ‘शकुंतले’ने प्रवास केलेले उतारू यवतमाळ जिल्ह्यात अद्याप आहेत. डब्यातील बाके लांबीच्या दिशेने होती की आडवी, दार आत उघडत असे की बाहेर, मूर्तिजापुरास मेलगाडी चुकली तर रात्र कोठे काढावी लागे, हे ते सांगू शकतात. विचारल्यावाचून मात्र ते कोणी आपणहून सांगत नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटत नाही. अर्धवट तयार झालेला पुठ्ठ्याचा डबा त्यांच्यापुढे ठेवून ‘यात काय चुकले आहे?’ असे विचारणे ही मुलाखतीची उत्तम पद्धत ठरू शकते. ढाणकीच्या बाजूला नवी रुंदमापी रेल्वे येईल तेव्हा तिचे अहवाल, आकडे आणि छायाचित्रे विपुल असतील. जुन्या गाडीतील उतारूचे बाक मात्र आजच मोजून ठेवावयास हवे.